रकाना

जुरुआ नदीच्या काठाला दोरानं बांधलेलं तरंगतं घर.
खाली ओंडके, वर पत्रा, मध्ये एक टेबल
आणि मी, नोंदी करणारा, पगारी.
टेबलावर दोन कार्डं, अर्धी भरलेली.

पहिलं झाडबेडकाचं.
वर्ग: उभयचर.
गण: शेपूट नसलेल्यांचा.
जन्मतो तेव्हा शेपटीच्याच जोरावर पोहतो बिचारा,
पण मोठेपणी काय उरलं
तेवढंच विचारतं कार्ड.

दुसरं बोतोचं, गुलाबी पाठीच्या नदी-डॉल्फिनचं.
वर्ग: सस्तन.
गण: समखुरी.
गाय, डुक्कर, पाणघोडा यांच्या पंगतीत.
"खूर कुठंयत?" दोना झुल्मिरा विचारते
कढईतला मासा उलटता उलटता.
होते, मी सांगतो. फार पूर्वी. पाण्यात राहून गेले.
"म्हणजे एकाची शेपूट विसरायची
आणि दुसरीचे खूर लक्षात ठेवायचे,"
असं म्हणून ती मीठ मागते.

शेवटचा रकाना स्थितीचा.
बेडकापुढं: किमान चिंता.
बोतोपुढं कितीतरी वर्षं होतं: माहिती अपुरी.
मला तो शेरा आवडायचा, खोटं कशाला बोलू.
कुणी मोजलंच नव्हतं,
त्यामुळं कुणी कमीही झालं नव्हतं.

झुल्मिराचा भाऊ आदालिसियो मात्र मोजत होता.
एका बोतोच्या मांसाच्या आमिषावर
पिराकातिंगा मासा किती पेट्या निघतो,
कुठल्या वळणावर, कुठल्या अंधारात,
आणि पेटीमागं व्यापारी किती टेकवतो.
त्याची माहिती अपुरी नव्हती.
फक्त कार्डापर्यंत आली नव्हती.

आता तिथं लिहायचं: संकटग्रस्त.
पेन तेच.

झुल्मिराच्या जन्मदाखल्यावर बापाचा रकाना मोकळा आहे.
जत्रेच्या रात्री नदीतून वर आला, टोपी घालून नाचला,
पहाटे पुन्हा पाण्यात,
गावानं असं ठरवून टाकलं आणि विषय मिटवला.
बोतोची पोर.
भावाच्या दाखल्यावर नाव आहे, आडनावही.
ती हे सांगते तेव्हा मासाच निवडत असते,
काटे एका बाजूला.
मी काही विचारत नाही.
माझ्या नोंदवहीत त्याला जागा नाही.

कोरड्या साली नदी इतकी मागं हटली
की घर चिखलावर बसलं, एका अंगाला कलून.
टेबलावरून पेन्सिल घरंगळायची,
सारखी, एकाच कोपऱ्यात.
खालच्या डबक्यात तीन बोतो अडकले होते,
पाणी आंघोळीला काढावं इतकं कढत.
आम्ही ओल्या चादरी टाकल्या. बादल्या ओतल्या.
आदालिसियोही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
चादरीचं एक टोक त्यानं धरलं, तोंडातून शब्द नाही.
दोन नदीत सोडले.
तिसऱ्याचं वल्हं माझ्या हातात होतं,
कातडीखाली बोटं लागत होती, मोजली, पाच.

त्या रात्रीसुद्धा तो ओरडत होता,
उंच झाडाच्या ढोलीतला, किमान चिंतेचा.
कुनावारू म्हणतात इथं त्याला.
ढोलीत कळशीभर पाणी, त्यात त्याची पिल्लं,
सगळी शेपटीवाली अजून,
आणि तो राखणीला, घसा फुगवून.
त्याला एवढंच लागतं: एक ढोल, थोडं साचलेलं पाणी.
ते झाड कुणी फळ्यांसाठी पाडलं
तर कार्डावरचा एक शब्दही बदलणार नाही.

झुल्मिराचं डोकं दुखत होतं.
तिनं त्याच्या घरट्यातली राळ निखाऱ्यावर टाकली,
तिच्या आईची रीत.
धूर पत्र्याला लागून टेबलावर उतरला
आणि दोन्ही कार्डांना तोच वास आला.

तेव्हापासून शेवटचा रकाना मी पेन्सिलीनं भरतो.
वरून विचारणा झाली
तर सांगेन, हवा दमट आहे इथली.
शाई पसरते.